परप्रत्यय आणि दाढीचा साबण

मनुष्याची बुद्धि एकदां दुसऱ्याच्या विश्वासावर चालूं लागली म्हणजे ती कोठवर जाते, हें पाहण्यासाठीं धर्माच्या अगर राजकारणाच्या मोठ्या अंगणांत शिरण्याचें कारण नाहीं. दाढीच्या साबणाची एक स्वस्त वडी त्यास पुरेशी आहे. विषय क्षुद्र आहे, असें कोणी म्हणेल. पण ज्या वस्तूचा निकाल स्वतःच्या गालावर, दररोज सकाळीं, दहा मिनिटांत लागूं शकतो, त्या वस्तूविषयींसुद्धां आमचा सुशिक्षित तरुण जर ‘लोक काय म्हणतात’ हें अगोदर विचारूं लागला, तर ज्या गोष्टींचा निकाल असा हातोहात लागत नाहीं त्यांविषयीं तो काय करीत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

आमचा एक भाचा यंदा शिक्षणासाठीं बारामतीस आमच्या घरीं राहावयास आला. तो मूळचा इंदापूर तालुक्यांतला. निमगांव केतकीच्या बाजूस त्याची वस्ती. मिसरूड फुटून वर्ष-दीड वर्ष झालेलें, आणि आपली दाढी आपण करावयाची हौस नवी. आमच्याकडे वर्षानुवर्षें जी साधी गोल वडी येते ती, एक ब्रश व एक वाटी त्याच्यापुढें ठेवली. त्यानें वडी हातांत घेण्यापूर्वीं फोन हातांत घेतला, आणि क्षणभरानें म्हणाला, “मामा, ह्या साबणाला तीनच तारे आहेत. फेस टिकत नाहीं म्हणून पुष्कळांनीं लिहिलें आहे.”

“तूं लावून पाहिलास का?”

“नाहीं. पण इतके लोक उगीच लिहितील का?”

हा प्रश्न त्या एका मुलाचा नव्हे. आजच्या खरेदी-विक्रीचा सारा डोलारा या एका प्रश्नावर उभा आहे. आमचें त्यावर उत्तर असें कीं, उगीच कोणी लिहीत नाहीं. बहुतेक लोक खरेंच लिहितात, आणि अडचण नेमकी येथेंच आहे. लबाडीनें लिहिलेलें मत ओळखतां येतें, निदान त्याविरुद्ध नियम करतां येतो. पण जें मत लिहिणाऱ्याच्या न्हाणीघरांत खरें आहे आणि वाचणाऱ्याच्या न्हाणीघरांत खोटें ठरतें, त्याचें काय करावें?

साबण म्हणजे तेलांतील अगर चरबींतील आम्लें आणि क्षार यांचा संयोग. दाढीच्या साबणांत स्टिअरिक आम्लाचा भाग मोठा ठेवितात व सोड्याच्या जोडीला पोटॅशचा क्षार घालतात. त्यामुळें फेस दाट, बारीक आणि सावकाश वाळणारा होतो. खोबरेल तेलाचा भाग वाढविला तर फेस झटकन् व भरपूर येतो, पण त्याचे बुडबुडे मोठे आणि अल्पायुषी असतात. स्वस्त आणि महाग यांतला फरक कांहीं या प्रमाणांत, कांहीं सुगंधांत आणि बराचसा, आमच्या समजुतीप्रमाणें, वेष्टनांत असतो. परंतु या सर्वांहून प्रबळ असा एक घटक आहे. तो कोणत्याहि कारखान्यांतून येत नाहीं, नळांतून येतो. पाण्यांत चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असले म्हणजे ते साबणाशीं संयोग पावून न विरघळणारा पांढरा साका बनवितात. तो फेस नव्हे. फेसाचें तें प्रेत होय. हे क्षार खर्ची पडेपर्यंत साबणाला फेसाकडे लक्ष द्यावयास सवडच नसते.

आतां आमच्या या दोन तालुक्यांकडे पाहा. दक्षिणेस नीरा, पलीकडे भीमा, बारामतीजवळून वाहणारी कऱ्हा. आणि नीरा-भीमांचा संगम इंदापूर तालुक्याच्या टोकास नीरा-नरसिंहपुरीं. नद्यांचीं नांवें पुष्कळ, पण पाऊस अपुरा. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहूं लागला व वरच्या धरणाचें पाणी बारामतीवरून इंदापूरच्या बाजूस जाऊं लागलें. त्या पाण्यानें ऊंस आणला. पुढें जमिनीखालचें पाणी वर चढलें आणि त्याच्याबरोबर क्षारहि वर आले. नीरेच्या खोऱ्यांतील या खारवट जमिनींविषयीं डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं एका सहकाऱ्यासह लिहिलेली पुस्तिका मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यानें १९१० सालींच प्रसिद्ध केली होती. तात्पर्य, येथील पाण्याची ही कथा आजकालची नव्हे. कालव्यावर भरलेल्या साठवण तलावाचें पाणी ज्या घरीं येतें तेथें साबण एका परीनें वागतो. तीस-चाळीस किलोमीटरांवर, काळ्या खडकाच्या पोटांतून उपसलेलें पाणी ज्या वस्तीवर येतें तेथें तोच साबण निराळ्या परीनें वागतो. एका घरींसुद्धां कालव्याचें आवर्तन लांबलें आणि टांकींत कूपनलिकेचें पाणी पडलें, कीं वडी तीच, ब्रश तोच, हात तोच, आणि फेस मात्र रुसलेला.

भाच्याच्या समाधानासाठीं आम्ही एक सोपा प्रयोग केला. शाळेंत तो सर्वांनीं पाहिलेला असतो व परीक्षेनंतर सर्व विसरलेले असतात. दोन सारख्या बाटल्या घेतल्या. एकींत पागोळीचें धरून ठेवलेलें पाणी, दुसरींत त्याच्या वस्तीवरून आणविलेलें. दोहोंत त्याच वडीचा नखाएवढा तुकडा टाकून दोन्ही सारख्याच हलविल्या. पहिली बाटली गळ्यापर्यंत फेसानें भरली. दुसरींत दुधट गढूळपणा आला आणि वर पांढरे कण तरंगूं लागले. “मग ते तीन तारे कोणत्या बाटलीचे?” असें आम्ही विचारलें. मुलगा हुशार आहे. “लिहिणाऱ्याच्या नळाचे,” असें तो म्हणाला. त्याहून मौजेची गोष्ट ही कीं, खोबरेलाचा साबण खाऱ्या पाण्यांतहि बऱ्यापैकीं फेंसाळतो, म्हणूनच समुद्राच्या पाण्यांत स्नान करणाऱ्या खलाशांसाठीं तो वापरीत. म्हणजे पुण्या-मुंबईच्या मऊ पाण्यांत जी महाग वडी पांच तारे मिळविते तीच इंदापुराकडील एखाद्या खारट विहिरीवर हात टेकील, आणि ‘नुसता बुडबुड्यांचा साबण’ म्हणून जिची थट्टा झाली ती तेथें वेळ निभावून नेईल, असेंहि घडूं शकतें!

पाणी न विचारतां मत विचारण्याची किंमत एका बलाढ्य परदेशी कंपनीनेंहि मोजलेली आहे. जिलेट कंपनीनें २००२ सालीं भारतासाठीं एक वस्तरा काढला. भारतीयांचे केस दाट, म्हणून पात्यांत अडकलेले केस ढकलून काढणारी एक पट्टी त्यांत बसविली. आणि विक्रीपूर्वीं त्याची परीक्षा कोणाकडून करविली, तर अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्सच्या विख्यात तंत्रविद्यालयांत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांकडून. विद्यार्थ्यांनीं वस्तरा वाखाणला. भारतांत येतांच तो फसला. कारण ते विद्यार्थी वाहत्या नळाखालीं पातें धूत होते, आणि इकडे असंख्य लोक एका पेल्यांतल्या पाण्यावर दाढी उरकीत होते. पेल्यांत बुचकळून पातें मोकळें होईना. विद्यार्थी भारतीय होते, दाढी भारतीय होती, मत प्रामाणिक होतें. पाणी तेवढें परदेशी होतें. पुढें कंपनीचीं माणसें येथें येऊन लोकांच्या घरीं बसलीं, दाढ्या कशा होतात हें डोळ्यांनीं पाहिलें, आणि तेव्हां कोठें २०१० सालीं १५ रुपयांचा निराळा वस्तरा निघाला. ज्या कंपनीपाशीं एवढें द्रव्य, एवढे शास्त्रज्ञ, ती जर इतकी चकते, तर फोनवरील दोन ओळींनीं आमच्या भाच्याला चकविलें यांत नवल नाहीं. नवल इतकेंच कीं, कंपनीनें धडा घेतला आणि गिऱ्हाइकें अद्याप घेत नाहींत.

हें झालें पाण्याचें, आतां हाताचें. दाढीचा फेस ही विकत घेण्याची वस्तु नव्हे, करण्याची वस्तु आहे. (दाबाच्या डब्यांतून तयार फेस अमेरिकेंत निघूं लागला तो १९५० च्या आसपास, त्यापूर्वीं तर दुसरा मार्ग बहुधा नव्हताच.) दाढी ऊन पाण्यानें दोन-तीन मिनिटें भिजलेली असावी, कारण केस मऊ करतें तें मुख्यतः पाणी, साबण तें पाणी धरून ठेवितो. ब्रश भिजवून निथळावा, वडीवर अर्धा-एक मिनिट फिरवावा, मग थेंब थेंब पाणी घालीत घोळावा. पाणी थोडें झालें तर लेप वाळून गाल ओढला जातो. अधिक झालें तर फेस गळ्यावरून ओघळतो. यांतलें मर्म चौथ्या दिवशीं समजूं लागतें आणि आठवड्यानें हात बसतो. पण अभिप्राय लिहावयाचा तो पहिल्याच दिवशीं! नाचतां येईना आणि अंगण वांकडें, ही म्हण आमच्या आजीबाईंनीं कोणत्या प्रसंगीं काढली असेल ती असो. आज ती प्रत्येक तिसऱ्या अभिप्रायाखालीं सही म्हणून शोभेल. नळींतल्या मलमाची गोष्ट निराळी. त्यांत पाणी आधींच मुरलेलें असल्यामुळें नवशिक्याचा दोष तें झांकून नेतें आणि स्वतः शाबासकी मिळवितें. वडी कोणाचा दोष झांकीत नाहीं, म्हणून सर्वांचे दोष तिच्या माथीं बसतात. आणि गंमत पाहा: पहिल्या दिवसाच्या नवशिक्याचें मत वाचून दुसरा नवशिका वडी घेत नाहीं, म्हणजे त्याला दुसरा दिवस कधीं उजाडतच नाहीं.

बरें, ज्यांना खरोखर कांहीं सांगतां येईल त्यांनीं लिहावें, तर ते लिहीत नाहींत. गांवोगांवच्या नाभिक कारागिरांच्या हाताखालून रोज कितीतरी हनुवट्या जातात. कठीण पाण्यास ब्रश किती अधिक फिरवावा, राठ दाढी किती वेळ भिजवावी, हें त्यांच्या मनगटास ठाऊक असतें. आषाढी वारीस निघालेली तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगांव केतकी, इंदापूर असे मुक्काम करीत पुढें सराटीकडे जाते. या वारींत ठिकठिकाणीं नाभिक मंडळी वारकऱ्यांची दाढी विनामूल्य करितात. वाटेची धूळ बसलेले, ऊन-पावसानें रापलेले ते चेहरे; मिळेल त्या बादलींतलें पाणी; आणि एकामागून एक माणूस समोर बसत असतां घाईचा हात. साबणाची याहून कडक परीक्षा कोणत्या प्रयोगशाळेंत होत असेल, असें आम्हांस वाटत नाहीं. पण तिचा निकाल कोठेंहि नोंदला जात नाहीं. तो कारागीर संध्याकाळीं ब्रश धुऊन ठेवितो, तारे वांटीत बसत नाहीं. म्हणून ‘पुष्कळांनीं लिहिलें आहे’ या वाक्यांतले ‘पुष्कळ’ म्हणजे ज्यांना लिहावयास वेळ होता ते. ज्यांना साबण कळत होता ते नव्हेत.

यावर कोणी म्हणेल कीं, एकाचें मत चुकेल, दहांचें चुकेल, हजारांची सरासरी कशी चुकेल? हजार माणसांनीं परस्परांपासून अलग बसून, न ऐकतां न बोलतां मतें दिलीं असतीं तर या युक्तिवादांत जीव होता. परंतु दुसरा लिहितो तो पहिल्याचें वाचून. म्युक्निक, अरल व टेलर या तिघां संशोधकांनीं २०१३ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत एक प्रयोग प्रसिद्ध केला. एके ठिकाणीं वाचक परस्परांच्या टिपणांना अनुकूल-प्रतिकूल मतें देत असत. तेथील एक लाखाहून अधिक टिपणांपैकीं कांहींना, वाटेल तशीं निवडून, त्यांनीं आरंभींच एक खोटें अनुकूल मत चिकटविलें. त्या एका मतानें शेवटची बेरीज सरासरी २५ टक्क्यांनीं फुगली. आमच्या प्रतिपक्षाच्या हितासाठीं हेंहि सांगितलें पाहिजे कीं, खोटें प्रतिकूल मत जेथें चिकटविलें तेथें पुढील वाचकांनीं तें बरेंचसें भरून काढलें. मग स्वस्त साबणावरील अन्यायहि असाच भरून निघेल, अशी आशा कां धरूं नये? आमचें उत्तर असें: त्या वाचकांपुढें मूळ टिपण होतें, तें वाचून, ‘हें इतकें वाईट नाहीं,’ असें त्यांना म्हणतां आलें. साबणाचें तसें नाहीं. मत वाचणारापुढें मतच असतें, वडी नसते. आणि मत वाईट म्हणून वडी कधीं पुढें येत नाहीं. प्रतिकूल मतास येथें दुरुस्ती नाहीं, कारण दुरुस्ती करणारा माणूस दाराबाहेरूनच परत गेलेला असतो.

परप्रत्ययाचा हा रोग फोनबरोबर जन्मला असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. ज्या बारामतींत हा लेख लिहिला जात आहे तेथेंच मोरोपंतांनीं आपलें आयुष्य काव्यरचनेंत वेंचलें. १७९४ सालीं ते वारले. आणि तेव्हांपासून ‘पंतांची कविता क्लिष्ट’ हें वाक्य ज्यांनीं तोंडपाठ केलें त्यांतील कितीकांनीं केकावलीचीं चार पानें उलटलीं असतील? विष्णुशास्त्री चिपळूणकरांस निबंधमालेंत पंतांची बाजू घेऊन विस्तारानें लिहावें लागलें तें उगीच नव्हे. पण तेथें निदान आळसाची सबब आहे. आर्या सोडवावयास वेळ आणि थोडें संस्कृत लागतें. गालाला फेस लावावयास कोणतें संस्कृत लागतें?

साबणाच्या बाबतींतहि थोरांचीं मतें शंभर वर्षांपूर्वीं विकली जात होतीं. गोदरेजांनीं प्राण्यांच्या चरबीवांचून, वनस्पति-तेलांचा साबण काढला, आणि पुढें त्याच्या जाहिरातींत रवीन्द्रनाथांचा अभिप्राय त्यांच्या चित्रासह झळकूं लागला. त्या विख्यात दाढीकडे पाहतां, हा अभिप्राय निदान दाढीच्या साबणाविषयीं नव्हता, हें उघड आहे! फेसाचा पुरावा म्हणून त्याची किंमत आम्ही शून्य धरतों. तथापि एक गोष्ट कबूल केली पाहिजे. अभिप्राय देणारा कोण, हें वाचणाऱ्यास ठाऊक होतें. तो स्वदेशीचा कैवार घेऊन बोलत आहे हेंहि ठाऊक होतें. आणि म्हणून त्यांतून किती वजा घालावयाचें हें ज्याचें त्याला ठरवितां येत होतें. आज मत देणाऱ्याचें नांव टोपण, गांव अज्ञात, पाणी अज्ञात, हेतु अज्ञात. कळतात ते फक्त तारे. २०२२ सालीं भारतीय मानक ब्यूरोनें अशा अभिप्रायांसाठीं १९००० क्रमांकाचें एक मानक काढलें. लिहिणाऱ्याची ओळख पडताळावी, मतांत फेरफार करूं नये, इत्यादि तत्त्वें त्यांत घातलीं, आणि त्याचें पालन आरंभीं ऐच्छिक ठेविलें. हेतु स्तुत्य आहे. पण त्यायोगें लबाड मत वगळलें जाईल. चुकीच्या नळावरचें प्रामाणिक मत तसेंच राहील.

दुसरा एक पंथ आहे, त्याचाहि येथें समाचार घेणें भाग आहे. हा पंथ रसिकांचा. यांच्या कपाटांत वीस प्रकारचे साबण असतात, आणि त्यांत चवीपालट म्हणून ते एखादी स्वस्त वडी आणून तिच्यावर कौतुकाचा वर्षाव करितात: काय तो साधेपणा, काय तो जुन्या न्हाव्याच्या दुकानाचा दरवळ! नवशिका तें वाचून वडी आणतो, दरवळ न आढळल्यामुळें हिरमुसतो, आणि पहिल्या पंथास जाऊन मिळतो. निंदेइतकीच ही स्तुति निरुपयोगी. दोहोंतहि वडीपेक्षां लिहिणारा अधिक दिसतो.

प्रत्येक स्वस्त साबण निर्दोष असतो, असा आमचा दावा नाहीं. क्षार अधिक राहिलेला साबण त्वचा फाडतो; एखादा सुगंध एखाद्यास सोसत नाहीं; गाल चरचरूं लागला तर वडी टाकून द्यावी, त्यासाठीं कोणास विचारीत बसूं नये. आणि ‘माझ्या कातडीवर पुरळ उठलें’ असें जो सांगतो तो उपयुक्त गोष्ट सांगतो. आम्हांस हवें आहे तें इतकेंच कीं, ‘फेस टिकत नाहीं’ म्हणणाऱ्यानें पाणी विहिरीचें कीं कालव्याचें, वडी कितव्या दिवशींची आणि ब्रश किती वेळ फिरविला, हें तीन शब्दांत सांगावें. तें सांगावयाचें नसेल तर तारेहि आपल्यापाशींच ठेवावेत.

आमच्या भाच्यानें पुढें आपणच वाट काढली. सुट्टींत वस्तीवर गेला असतां त्यानें पाणी उकळून, रात्रभर निवळूं देऊन वरचें वापरलें. उकळल्यानें कांहीं कठीणपणा खालीं बसतो. ब्रश दुप्पट वेळ फिरविला. फेस बारामतीसारखा झाला नाहीं, पण दाढी झाली, असें त्यानें कळविलें. एका दाढीस ग्रॅम-दीड ग्रॅम साबण लागतो. वस्तीवर तो दोन ग्रॅम लागेल, आणि तरीहि महिन्याचा हिशेब नळीच्या मलमाशीं ताडून पाहावा अशी आम्ही त्यास सूचना केली आहे. वडिलांच्या उसाचें बिल कधीं येईल याची वाट पाहणाऱ्या घरांत हा हिशेब क्षुद्र नसतो.

गेल्या महिन्यांत इंदापूरच्या बाजारांत एका दुकानदाराकडे आम्ही हीच वडी मागितली. तो म्हणाला, “काका, आतां ठेवत नाहीं. पोरं फोन बघून येतात अन् नळीच मागतात. म्हातारी माणसं नेतात तेवढीच. पेटी सहा-सहा महिने पडून राहते.” ज्या म्हाताऱ्यांनीं आयुष्यांत कोणाचा अभिप्राय वाचला नाहीं आणि कोणाला दिला नाहीं, त्यांच्या फडताळांतली वडी अशा रीतीनें गेली. दुसऱ्यांच्या नळांनीं दिलेला निकाल त्यांच्यावर बजावला गेला, आणि त्यांना त्याची नोटीससुद्धां मिळाली नाहीं. आम्ही दुकानदाराशीं वाद घातला नाहीं. त्याचा धंदा आहे. पालखी येण्यापूर्वीं एक पेटी मागवावी म्हणून पैसे आगाऊ ठेवून आलों. चार वड्या आम्हांस पुरतील. उरलेल्या निमगांवच्या ज्या कारागिराकडे भाचा केस कापवितो त्याच्याकडे जातील.